जावक क्रमांक पंधरा

सही झाकून ठेवा, शिक्का झाकून ठेवा, वरचा पत्ता झाकून ठेवा. तरीही पत्र कोणत्या टेबलावरून आलंय हे नुसतं वाचून सांगणारा माणूस कोल्हापूरच्या पाटबंधारे खात्यात एकच होता, आणि तो म्हणजे आमचे कुरणेसाहेब. हे अर्थात त्यांचं स्वतःचं मत. पण खात्यात त्याला कुणी विरोध केला नव्हता, कारण विरोध केला की साहेब तो लेखी मागायचे.

पत्रावरून एकदा नजर फिरवायची, चष्मा कपाळावर सरकवायचा आणि म्हणायचं, “‘सबब’ तीनदा आलंय. हा गुंडू चौगुले. ‘सबब’शिवाय त्याची गाडी चढ चढत नाही.” आणि तो गुंडू चौगुलेच निघायचा. एकदा ऑफिसात निनावी अर्ज आला, की इथला चहा फार पांचट असतो. साहेबांनी तो दोनदा वाचला, उठले आणि सरळ ज्ञानू शिपायासमोर जाऊन उभे राहिले. “तुझ्या रजेच्या अर्जातसुद्धा ‘जीव नको झाला आहे’ असंच असतं.” ज्ञानूनं जागीच कबूल केलं. चहा मात्र पुढेही तसाच राहिला.

तर असा हा माणूस दोन हजार सात साली स्वतःच्या मुलीचं लिखाण ओळखू शकला नाही. त्याची ही गोष्ट. हसायचं तर हसा, पण बेतानं हसा. साहेब अजून हिंडते-फिरते आहेत आणि कुणी काय म्हटलं त्याची नोंद ठेवतात.

आधी मुख्य गुन्हा सांगून टाकतो. साहेबांची एकुलती एक मुलगी अक्षता पुण्याला एका कंपनीत नोकरीला लागली. साहेबांच्या मनात तिनं स्पर्धा परीक्षा द्यावी, अधिकारी व्हावं, तिच्या सहीनं पत्रं निघावीत असं होतं. तिनं ऐकलं नाही. तेवढ्यावरून काही बिघडलं नव्हतं हो. उलट गेल्या गेल्या महिन्याभरात तिनं बापाला चांगलं चार पानी पत्र लिहिलं. खोलीवर फोन होता, मोबाइल होता, पण बाबांना कागद आवडतो म्हणून मुद्दाम पेन घेऊन बसली पोरगी. खाणावळ कशी, खोलीतल्या मैत्रिणी कशा, संध्याकाळी बसस्टॉपवर उभं राहिलं की कसं भरून येतं, आणि आजीची किती खूप खूप आठवण येते. आजी म्हणजे साहेबांच्या आई, बयाबाई. गडमुडशिंगीला राहायच्या. अक्षताच्या सगळ्या सुट्ट्या तिकडे गेलेल्या. दोनच वर्षं झाली होती बयाबाईंना जाऊन.

साहेबांनी पत्र तीनदा वाचलं. त्यांना इतका आनंद झाला, इतका आनंद झाला, की हात आपोआप लाल पेनाकडे गेला. आता इथं साहेबांची बाजू समजून घ्या. ऑफिसात टुकार मसुद्याला ते हातसुद्धा लावत नसत. तो तसाच सहीला जायचा आणि लिहिणाऱ्याचं हसं व्हायचं. ज्याच्यात काही दम आहे तोच मसुदा ते लाल शाईनं दुरुस्त करत. म्हणजे हा मान होता. त्यांनी पहिल्या पानावर लिहिलं, ‘विषय नमूद नाही.’ बसस्टॉपच्या ओळींशेजारी लिहिलं, ‘आशय स्पष्ट करावा.’ आजीच्या मजकुराला कंस घातला आणि लिहिलं, ‘परिच्छेद दोन अनावश्यक.’ ‘खूप खूप’ला गोल केला, ‘एकदा पुरेसे.’ वर कोपऱ्यात शेरा मारला, ‘दुरुस्तीसह परत,’ खाली तारखेसह सही केली आणि ते पत्र रजिस्टर्ड पोस्टानं, पोचपावती जोडून, पुण्याला पाठवून दिलं.

पोचपावती आली. पुढे काहीच आलं नाही.

आठ महिने. फोन यायचा, पण साहेबांनी उचलला की पलीकडून “आई आहे का?” एवढंच. आपलं काय चुकलं हे साहेबांना कळायला दोन महिने लागले, आणि कळल्यावर पुढचे सहा महिने ते माफीचा मसुदा कसा करायचा याच्यात अडकले. खात्यात सगळ्याचे नमुने होते. रजेचा होता, बदलीचा होता, ताडपत्री हरवल्याचासुद्धा होता. बापानं मुलीची माफी मागायचा नव्हता. एकटे असले की फार लागायचं त्यांना. पोरीच्या खोलीतलं कॅलेंडर ते दर महिन्याला स्वतः उलटायचे आणि कुणाला सांगायचे नाहीत.

“लिवती की ती,” एके दिवशी मीनाबाई भाजी निवडता निवडता बोलून गेल्या. मीनाबाई म्हणजे साहेबांच्या पत्नी.

“कुठे?” साहेबांनी पेपर खाली ठेवला.

“त्या नेटवर. ओसरी का काय म्हणती. मराठी माणसं जमत्यात तितं, लिवत्यात, भांडत्यात.”

“कोणत्या नावानं लिहिते?”

“त्ये न्हाय सांगिटलं. म्हणाली, बाबांस्नी नाव कळलं तर लाल पेन घिऊन तितं बी येतील.”

एखाद्याला हे लागलं असतं. साहेबांनाही लागलं, पण त्याहून मोठं काहीतरी त्यांच्यात जागं झालं. पाचशे माणसं टोपणनावानं लिहिताहेत, त्यातली एक आपली मुलगी, आणि ती कोणती हे नुसतं लिखाण वाचून ओळखायचं. अहो, हे काम त्यांच्याचसाठी जन्माला आलं होतं. ते उठले, शर्ट घातला आणि निघाले.

कोपऱ्यावर राजवर्धनचं सायबर कॅफे होतं. आधी ते एसटीडी बूथ होतं, मग झेरॉक्स झालं, मग तिथं चार कॉम्प्युटर आले. पाट्या मात्र तिन्ही होत्या. राजवर्धन दोन पोरांचा बाप, पूर्वी आखाड्यात जायचा, त्याची मांडी अजून त्या प्लास्टिकच्या खुर्चीत मावायची नाही. त्यानं साहेबांना एक नंबरच्या मशीनवर बसवलं. ‘ओसरी’ उघडली आणि नावनोंदणीचा अर्ज समोर आला. अर्ज बघून साहेबांना पहिल्यांदाच तिथं बरं वाटलं.

“साहेब, हितं टोपणनाव घाला.”

“टोपणनावानं व्यवहार करणं नियमात बसतं का?”

“साहेब, हितं खरं नाव घातलं तरच लोकं संशय घेत्यात.”

साहेबांनी विचार करून ‘अभ्यासू’ असं नाव घेतलं. अर्ज भरला. पडद्यावर ओळ आली, की आपला अर्ज व्यवस्थापकांच्या मान्यतेसाठी प्रलंबित आहे. पहिला दिवस त्यांनी कौतुकात काढला. प्रलंबित हा शब्द त्यांना घरचा वाटला. दुसऱ्या दिवशी स्मरणपत्र एक पाठवलं. चौथ्या दिवशी स्मरणपत्र दोन, त्यात पहिल्याचा संदर्भ. सहाव्या दिवशी ‘विलंबाची जबाबदारी निश्चित करावी’ असं तिसरं लिहायला बसले तोवर मान्यता आली. व्यवस्थापक अमेरिकेत राहणारा होता आणि त्यानं खाली लिहिलं होतं, ‘काका, तुम्ही पाठवता तेव्हा इकडे आम्ही झोपलेलो असतो.’ जनतेचं काम करणाऱ्यानं झोपावं का, हा मुद्दा साहेबांनी मनात नोंदवून ठेवला.

आणि मग ते वाचायला लागले. रोज ऑफिस सुटलं की दीड तास. सोबत एक लांबट वही, कापडी पुठ्ठ्याची, आवक-जावकची. त्यात त्यांनी ओसरीवरच्या एकेका माणसाची नोंद सुरू केली. काय एकेक नग होते म्हणून सांगू. एक होता ‘मुद्देसूद’. तो कुणाच्या लग्नाचं अभिनंदनसुद्धा एक, दोन, तीन आकडे घालून करायचा आणि शेवटी ‘बाकी चालू द्या’ लिहून निघून जायचा. एक ‘डोंगरवारा’ म्हणून होता, मिशिगनला राहायचा. विषय कोणताही असो, पहिलं वाक्य ‘आमच्याकडे आज गुडघाभर बर्फ’ असं. काहीजण नुसतं ‘अनुमोदन’ लिहायचे. साहेबांना ही माणसं फार आवडली. काहीजण जागोजागी ‘ह.ह.पु.वा.’ टाकायचे. हे कोणतं महामंडळ, असं साहेबांनी राजवर्धनला विचारलं. हसून हसून पुरेवाट, असा त्याचा अर्थ निघाला.

आणि एक होता ‘तांबडाजाळ’. हा सगळ्यांना सरळ कोल्हापुरीत झोडायचा. कुणाची भीड नाही, मुरवत नाही. साहेबांनी ओसरीच्या रचनेत सुधारणा सुचवणारं पहिलं निवेदन टाकलं, तेव्हा त्याची पहिली सलामी झडली. निवेदन असं होतं: ‘जावक क्र. १. विषय: चर्चांचे वर्गीकरण करणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून...’ आणि खाली प्रत माहितीसाठी कुणाकुणाला तेही होतं. आता तुम्ही विचाराल, जावक क्रमांक कशाला? साहेबांनाही ते सांगता आलं नसतं. अठ्ठावीस वर्षं हातातून गेलेला एकही कागद नंबर पडल्याशिवाय गेला नव्हता. वहीत नोंद करायची, नंबर घालायचा, मग टाकायचं. हाताला दुसरं माहीतच नव्हतं.

तांबडाजाळनं लिहिलं होतं, ‘ओ अभ्यासू, नंबर घालून कुठं टपाल निगालंय? ओसरीवर आलाय न्हवं, मग मांडी घाला आन् बोला की माणसागत. आन् जेवला काय?’

साहेबांनी वहीत नोंद केली: तांबडाजाळ. असभ्य. बहुधा तालमीतला. शेवटचा प्रश्न विषयांतर, उत्तराची आवश्यकता नाही. आणि हे नाव त्यांनी यादीतून काट मारून टाकलं, कारण आपली अक्षता असं बोलणं शक्यच नव्हतं. घरात तसं बोलायला बंदी होती. साहेब मुडशिंगीहून पहिल्यांदा ऑफिसात रुजू झाले तेव्हा त्यांच्या ‘हाय-न्हाय’वर अख्खा विभाग हसला होता. त्या दिवसापासून त्यांनी ती भाषा कोट काढून ठेवावा तशी काढून ठेवली, आणि पोरीला तर ती घालूच दिली नाही. मीनाबाईंनी हा नियम कधी मानला नाही, पण त्यांच्यावर कारवाई करायची कुणाची टाप नव्हती.

महिन्याभराच्या अभ्यासानंतर साहेबांचा संशय एका नावावर पक्का झाला. ‘चांदणभूल’. ही बाई सगळं टिंबांमध्ये लिहायची. ‘त्याने पाहिलं... मी पाहिलं... मध्ये चहा निवत गेला...’ संध्याकाळ यायची, बसस्टॉप यायचा, भरून यायचं. बसस्टॉप तर अक्षताच्या पत्रातलाच होता. त्यांनी त्या कवितेची प्रिंट काढून घरी नेली आणि मीनाबाईंना दाखवली.

“ह्यो चहा कुणाबरबर प्यायलीया?” मीनाबाईंनी विचारलं.

आता मात्र गप्प बसण्यात अर्थ नव्हता. दुसऱ्या दिवशी चांदणभूलला खाजगी पत्र गेलं. जावक क्र. ९. ‘आपण माझी कन्या असल्यास, सदर चहा कोणासमवेत, कोठे व कोणत्या कारणास्तव घेतला याचा सविस्तर खुलासा सात दिवसांत सादर करावा. कन्या नसल्यास हे पत्र रद्द समजावे.’

तिसऱ्या दिवशी खुलासा आला. ‘माननीय अभ्यासू... मी गणपतराव... राहणार कागल... वय एकसष्ट, बँकेतून निवृत्त. चहा कोणासमवेत, हाच प्रश्न आमच्या सौभाग्यवतींनीही विचारलेला आहे... त्यांनाही अद्याप उत्तर देऊ शकलेलो नाही...’

एवढ्यावर मिटलं असतं. पण गणपतराव मोठे दिलदार. त्यांना ते पत्र इतकं आवडलं की त्यांनी ते जसंच्या तसं ओसरीवर सगळ्यांसाठी लावलं. त्या दिवशी ओसरीवर ‘ह.ह.पु.वा.’चा पाऊस पडला. मुद्देसूदनं अकरा मुद्दे काढले. मिशिगनच्या माणसानं पहिल्यांदाच बर्फाचा उल्लेख केला नाही. साहेब राजवर्धनच्या एक नंबरच्या मशीनवर कान लाल करून बसले होते, आणि सगळ्यात शेवटी तांबडाजाळ आला.

‘हसू नगा रं लोकाच्या बापाला. पर तुमी बी काय ओ अभ्यासू, पोरगी हुडकायला कोण नोटीस काढतंय व्हय? हाक मारायची की सरळ. तोंड काय नुसतं पान खायला दिलंय? आन् जेवला काय?’

‘विषयांतर,’ साहेबांनी वहीत लिहिलं, आणि इतकं दाबून लिहिलं की पेनाचं टोक मागच्या पानावर उमटलं.

शेजारच्या बाळासोंना ही भानगड भिंतीपलीकडून कळली. बाळासो दूध संघात होते आणि जगातल्या प्रत्येक प्रश्नावर त्यांच्याकडे म्हशीच्या अनुभवावरून सल्ला असायचा. ते बनियनवरच आले.

“साहेब, तुमचं चुकतंय कुठं सांगू का? तुमी गोडीनं हुडकायलाय. जनावर असू दे न्हायतर माणूस, डिवचल्याबिगर खरा आवाज काढत न्हाय. पोरगी कोल्हापूरची हाय न्हवं? मग कोल्हापूरच्या वर्मावर बोट ठेवा. आपल्या आवाजात वराडत भाईर येती का न्हाय बगा.”

“वर्म म्हणजे?”

“रस्सा,” बाळासो आवाज खाली आणून म्हणाले.

साहेब दोन दिवस जेवले नाहीत धड. पण ठरवलं म्हणजे ठरवलं, हा त्यांचा स्वभाव. अभ्यासू या नावाची आब गेलेलीच होती, म्हणून त्यांनी ‘स्पष्टवक्ता पुणेकर’ असं दुसरं नाव घेतलं आणि राजवर्धनला पलीकडे बघायला सांगून टाइप केलं. ‘विषय: तांबड्या रश्श्याबाबत. कोल्हापूरचा तांबडा रस्सा म्हणजे केवळ तिखट पाणी असून त्याची कीर्ती अवाजवी आहे असे निदर्शनास येते. पांढऱ्याबाबत न बोललेले बरे.’  आपण बिंदू चौकात उभं राहून हे बोललो तर घरी कोणत्या अवस्थेत पोचू, याचा ते विचार करत होते. वहीत नोंद केली, नंबर घातला, टाकलं.

अर्ध्या तासात ओसरी पेटली. कोल्हापूर, सांगली, सातारा, दुबई, सगळीकडून माणसं धावून आली. साहेब डोळ्यांत तेल घालून प्रत्येक ओरडण्यात अक्षताचा आवाज शोधत होते. आणि तेवढ्यात तांबडाजाळची एक छोटीशी नोंद आली.

‘वर काय लिवलंय वाचा. जावक क्र. १५. परवा अभ्यासूंच्या निवेदनावर चौदा नंबर हुता. रश्श्याला नावं ठेवताना हात कापला न्हाय, पर नंबर काय चुकला न्हाय. धन्य हाय. आन् जेवला काय, का तिखट पाण्यावरच भागिवलं?’

साहेबांनी पडद्याकडे बघितलं, मग वहीकडे. वही बरोबर होती. वही कधीच चुकत नाही, हीच तर अडचण होती.

संध्याकाळी व्यवस्थापकाचं जाहीर पत्र लागलं. एकाच माणसानं दोन नावांनी लिहिणं ओसरीच्या नियमात बसत नाही. अभ्यासू यांनी तीन दिवसांत सर्वांसमोर खुलासा करावा, नाहीतर दोन्ही नावं कायमची बंद होतील. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत साहेबांनी शेकडो कारणे दाखवा नोटिसा लिहिल्या होत्या. स्वतःला आलेली ही पहिली. ते घरी चालत आले आणि चप्पल न काढताच खुर्चीत बसले. नाव बंद होण्याचं त्यांना फारसं काही नव्हतं. पण मुलगी जिथं आहे तिथं जायचा तो एकच दरवाजा होता आणि तोही आता लागणार होता.

दोन दिवसांत त्यांनी खुलाशाचे चार मसुदे केले. ‘अनवधानाने’ घातलं, काढलं. ‘सद्हेतूने’ घातलं, तेही काढलं. तिसऱ्या दिवशी रविवार. दुपारी मीनाबाई शेंगा फोडत बसल्या होत्या, त्या म्हणाल्या, “एवढं झालंय तरी काय, मला सांगशीला का? माझा चष्मा दुकानात पडलाय. वाचून दावा सगळं.”

साहेबांनी प्रिंटांची फाइल काढली. आजवर हे सगळं त्यांनी डोळ्यांनी वाचलं होतं. मसुदा डोळ्यांनीच वाचायचा असतो. मोठ्यानं वाचायची ही पहिलीच वेळ. आपलं निवेदन वाचलं, गणपतरावांची टिंबं वाचली, आणि मग तांबडाजाळ सुरू केला. पहिली ओळ ऑफिसातल्या आवाजात वाचायला गेले तर ती जिभेवर बसेना. दुसरीला जीभ आपसूक वळली. अठ्ठावीस वर्षांपूर्वी काढून ठेवलेला सूर कुठून तरी आला आणि साहेब हात हलवत वाचायला लागले, “तोंड काय नुसतं पान खायला दिलंय? आन् जेवला काय?”

शेंगा फोडायचा आवाज थांबला होता.

“ह्या तर आत्या बोलायल्यात,” मीनाबाई म्हणाल्या.

“कुठल्या आत्या?”

“माझ्या सासूबाई. तुमच्या आई. पोटभर भांडून झालं की जेवला काय, म्हणून कोण इचारायचं? वैरणीवरनं गावाशी भांडण काढायच्या आन् वर त्याच माणसाला भाकरी वाढायच्या.”

साहेबांनी फाइल परत पहिल्यापासून चाळली. गुंडू चौगुलेला एका ‘सबब’वरून पकडणारा माणूस, आणि आईचं बोलणं समोर मांडलेलं असताना त्याला असभ्य म्हणून काट मारून बसला होता. ही भाषा एवढी नीट उचलणारं जगात एकच पोर होतं, जिच्या सगळ्या सुट्ट्या मुडशिंगीला गेल्या होत्या. आणि तिनं त्यांना पहिल्या दिवशीच, पहिल्या जावक नंबरावरच ओळखलेलं असणार. त्यांनी वही उघडून मोजलं. जेवला काय, असं तिनं अकरा वेळा विचारलं होतं. अकरा वेळा त्यांनी शेजारी ‘विषयांतर’ लिहिलं होतं.

 त्यांनी रुमाल शोधला.

“फोन करू का तिला?” त्यांनी विचारलं.

“ती तितं बसलीया न्हवं? मग तितंच जाऊन हाक मारा की. ती तरी काय दुसरं म्हणायलीया?”

चारही मसुदे टेबलावर ठेवून साहेब निघाले. वही घरीच राहिली. राजवर्धननं एक नंबरची खुर्ची पुढे केली. साहेबांनी लिहिलं ते पुढे बरेच दिवस ओसरीवर होतं, म्हणून मला पाठ आहे.

‘मी नागसेन कुरणे. मुडशिंगीच्या बयाबाईचा ल्योक. अभ्यासू बी मीच आन् पुणेकर बी मीच. रश्श्याचं लिवलं ते साफ खोटं हाय. माझ्या पोरीनं मला चार पानी पत्र लिवलं हुतं. मी त्याच्यावर लाल शाईनं शेरं मारलं आन् परत धाडलं. रजिस्टरनं धाडलं. तिला आजीची आठवण येती आसं तिनं लिवलं हुतं, ते मी अनावश्यक म्हणून कापलं. ते अनावश्यक न्हवतं. मला बी येती. पर ती कुठं लिवायची मला कधी कळलं न्हाय. तू हितं हाईस म्हणून मी हितं आलतो. माझं चुकलं. अक्षता, हाक मारतोय. आन् जेवलो. दुपारी भाकरी आन् आमटी खाल्ली. तू जेवलीस काय?’

वर नंबर नव्हता. खाली प्रत नव्हती.

 एरवी दोन मिनिटांत टोळधाड यायची, आज वीस मिनिटं कुणी हललं नाही. मग मुद्देसूद आला आणि आकडे न घालता म्हणाला, ‘माझ्या वडिलांना फोन करून येतो.’ बाकी चालू द्या म्हणायचंही विसरला. गणपतरावांनी कागलहून नुसती तीन टिंबं टाकली. व्यवस्थापकानं कळवलं, खुलासा मान्य, अभ्यासू हे नाव चालू, पुणेकर बंद. राजवर्धन पलीकडे बघत होता तो अजून पलीकडेच बघत होता. कॅफे बंद करायची वेळ झाली तरी त्यानं साहेबांना उठवलं नाही.

शेवटी तांबडाजाळची ओळ आली. ‘खुलासा वाचला. विषय नमूद न्हाय. परिच्छेद येकच हाय आन् तो बी भला लांबडा. जेवले. टपालाकडं ध्यान ठेवा.’

गुरुवारी पोस्टमन आला. पुण्याहून रजिस्टर्ड, पोचपावती जोडलेलं. पोस्टमननं दाखवलेल्या जागी साहेबांनी सही केली. आत तीच चार पानं होती. लाल शाई तशीच. पोरीनं फाडली नव्हती, आठ महिने जपून ठेवली होती, आणि प्रत्येक शेऱ्याखाली पेन्सिलीनं उत्तर लिहिलं होतं. ‘परिच्छेद दोन अनावश्यक’च्या खाली लिहिलं होतं, ‘कायम ठेवण्यात येत आहे.’ ‘एकदा पुरेसे’च्या खाली, ‘न्हाय पुरत.’ आणि पहिल्या पानावर ‘विषय नमूद नाही’च्या खाली बारीक अक्षरात, ‘विषय तुम्हीच होता.’ मागं पाचवं पान नवीन जोडलं होतं. त्यात शनिवारी येते आणि आईला सांगा पांढरा जास्त कर, एवढंच होतं.

साहेबांनी वही काढली. घरभर शोधून निळं पेन मिळवलं आणि डावीकडच्या पानावर नोंद केली. आवक क्रमांक एक. दिनांक. पाठवणार, अक्षता नागसेन कुरणे, पुणे. विषयाचा रकाना त्यांनी कोरा ठेवला. शेवटी कार्यवाहीचा रकाना आला. कागदावर काय कार्यवाही केली हे लिहिल्याशिवाय नोंद पूर्ण होत नाही. साहेबांनी लिहिलं, ‘वाचले.’

तासाभरानं मीनाबाई जेवायला बोलवायला आल्या, तेव्हा ते त्याच ओळीत पुढे ‘पुन्हा वाचले’ असं लिहीत होते.